गोठ्यात जन्मलेली गोष्ट

इंदूरच्याच एका अनुवादक ताईंचा प्रश्न आहे: इंग्लंडातल्या डार्टमूरच्या जुन्या दगडी शेतघराचं वर्णन मराठीत आणताना घराला जोडलेल्या 'बार्न'ला 'धान्याचं कोठार' म्हणावं का? 'गोठा' म्हटलं तर तो फक्त गाईंचा होईल का?

कोठार मुळीच नको. डब केलेल्या सिनेमांत हे कोठार सारखं कानावर पडतं आणि डोकं उठतं. घोडा कोठारात बांधलाय, गाय कोठारात व्यायलीय! 'बार्न' मुळात 'जवाचं घर' हे खरं, पण तुमच्या त्या लांबट घरात एकाच छपराखाली, ग्रॅनाइटच्या भिंतींआड, चढाच्या अंगाला माणसं राहत आणि उताराच्या अंगाला गुरं. दोघांचं दार एकच. गुरांच्या बाजूला मधोमध नाली, म्हणजे शेणमूत उतारानं बाहेर. तिथे धान्य कोण ठेवील?

तो गोठाच. गो आणि स्थ मिळून गोष्ठ, गाई उभ्या राहायची जागा. ओष्ठचा ओठ झाला, तसा गोष्ठचा गोठा. आणि आता खरी मौज: याच गोष्ठापासून गोष्ठी, म्हणजे चार माणसांची बैठक, मग त्या बैठकीतलं बोलणं, आणि तीच आपली गोष्ट! गोठा आणि गोष्ट सख्खी भावंडं. आमचे मारवाडी शेजारी सहभोजनाला 'गोठ' म्हणतात, गुजरातीत जिवाभावाच्या बोलण्याला 'गोठडी'. माझं तर ठाम मत आहे की गुरं बांधून झाल्यावर माणसं तिथेच टेकत, म्हणून बोलण्याला हे नाव पडलं. देवासकडच्या आमच्या जुन्या घरात ओसरी आणि गोठा यांच्यामध्ये कंबरेएवढी काळ्या दगडाची भिंत होती. आजी धार काढता काढता भिंतीपलीकडून गोष्ट सांगायची. चरवीतला धारेचा आवाज थांबला की गोष्टही थांबायची, कारण वासरू सोडायचं असे.

'गो' आहे म्हणून गोठा फक्त गाईंचा, असं बजावणारे शुद्धिवादी मला पटत नाहीत. व्युत्पत्ती म्हणजे अर्थाला घातलेलं दावं नव्हे. पाणिनीच्या व्याकरणसूत्रांवरचं कात्यायनाचं वार्तिक, म्हणजे पुरवणीचं टिपण, २००० वर्षांहून जुनं. त्यावरची उदाहरणं पाहा: 'अविगोष्ठ', मेंढ्यांचा गोठा, आणि चक्क 'गोगोष्ठ', गाईंचा गोठा! म्हणजे गोष्ठातली गाय तेव्हाच पुसली गेली होती, म्हणून ती पुन्हा जोडावी लागली. तिथेच 'तिलतैल' आणि 'सर्षपतैल'ही आहेत. तेल तिळापासून आलं, तरी मोहरीचं तेल आपण बिनदिक्कत म्हणतोच ना? मग म्हशींचा गोठा अशुद्ध कसा?

कोणी 'गोशाळा' सुचवतील. नको, त्यात आज दानधर्माचा वास आहे. 'घराला लागून गोठा' एवढं लिहा.