‘वर्धिष्णु’ हे विशेषण कोणाचे?

प्रश्न : शिवजयंतीच्या फलकावरील राजमुद्रा वाचताना माझ्या मुलीने ‘वर्धिष्णुर्’ या शब्दात विष्णूचे नाव आहे का, असे विचारले. हा शब्द वाढत्या चंद्राचा आहे, एवढेच मी ऐकले आहे. त्याचा अर्थ व उगम सांगावा.
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपण वाचलेली ओळ ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता’ अशी आहे. मूळ शब्द ‘वर्धिष्णु’. शेवटचा ‘र्’ हा पुढे ‘विश्ववंदिता’ आल्यामुळे विसर्गाचा संधीत झालेला रेफ आहे. विष्णूशी त्याचा संबंध नाही. ‘वाढणे’ या अर्थाच्या ‘वृध्’ धातूला ‘इष्णु’ प्रत्यय लागून तो सिद्ध होतो. पाणिनीने हा प्रत्यय ज्या मोजक्या धातूंना सांगितला आहे, त्यांत ‘वृध्’बरोबर ‘सह्’ही आहे, म्हणून मराठीत रूढ असलेला ‘सहिष्णु’ हा त्याचा सख्खा भाऊ ठरतो. ती क्रिया करणे हा ज्याचा स्वभाव आहे, असा अर्थ या प्रत्ययाने येतो. ‘वर्धमान’ म्हणजे वाढत असलेला, तर ‘वर्धिष्णु’ म्हणजे वाढणे हा ज्याचा स्वभावच आहे असा. हा सूक्ष्म भेद मला फार मोलाचा वाटतो.

मात्र हे विशेषण मुळात चंद्राचे नाही. ‘शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते’ या दुसऱ्या ओळीतील ‘मुद्रा’ हे त्याचे विशेष्य आहे, आणि ‘विश्ववंदिता’ हे स्त्रीलिंगी रूपही तिचेच. शहाजींचे पुत्र शिवाजी यांची ही मुद्रा प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी व विश्वाला वंद्य असून ती लोककल्याणासाठी शोभते, असा सरळ अन्वय लागतो. उपमेसाठी पूर्णचंद्र न घेता कोर घेतली आहे, कारण पौर्णिमेनंतर चंद्राच्या वाट्याला क्षयच येतो.

‘प्रतिपद्’ म्हणजे आरंभ. याच शब्दकुळातील ‘प्रतिपदा’ प्राकृतातून मराठीत ‘पाडवा’ झाली. एका तिथीत चंद्र सूर्यापासून १२ अंश दूर सरतो, त्यामुळे शुद्ध प्रतिपदेची कोर संधिप्रकाशात बहुधा हरवते आणि आपल्याला दिसते ती बीजेची. मुलीला बीजेच्या संध्याकाळी सूर्यास्तानंतर लगेच रंकाळ्याच्या पूर्वेकडील काठावर न्यावे. आकाश स्वच्छ असल्यास पाण्यापलीकडे पश्चिमेला, मावळण्यापूर्वी थोडाच वेळ, ती चंद्रलेखा तिला पाहता येईल.