तापलेला जॉब मापू नये

प्रिय बाळ,
सप्रेम सलाम.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. लेथवर, म्हणजे धातू कातण्याच्या यंत्रावर, तू केलेल्या चाळीस शाफ्टांपैकी (गोल दांड्यांपैकी) अकरा नापास झाले, सुपरवायझर सर्वांदेखत बोलले, आणि शेवटी तू लिहिलेस, "काका, मीच रिजेक्ट माल आहे." शाफ्ट नापास झाल्याचे मला फारसे दुःख नाही, कारण शिकाऊ उमेदवाराच्या हातून थोडा माल भंगारात (स्क्रॅपमध्ये) जातोच. शेवटच्या वाक्याने मात्र माझी झोप उडाली, कारण असेच शब्द मी एकदा दुसऱ्या माणसाला ऐकवले होते.

मी कारखान्यात मालाचा तपासनीस होऊन तीन-चार वर्षे झाली असतील. आमच्या एका टर्नरचा, म्हणजे लेथ चालवणाऱ्या कामगाराचा, शाफ्टांचा अख्खा लॉट मापात बसला नाही. व्यास कमी भरला होता आणि लेथवर धातू काढता येतो, परत चढवता येत नाही, त्यामुळे लेथवर रीवर्कचा, म्हणजे दुरुस्त करून घेण्याचा, प्रश्नच नव्हता. मी त्याला दहा जणांसमोर म्हणालो, "जसा तुझा माल, तसाच तू." रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटून घेण्याचा विधी, होते. वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. तो टर्नर ख्रिस्ती नव्हता, पण "भाऊ" या शब्दातून मी त्याला वगळू शकलो नाही. भाकर माझ्यापर्यंत येण्याआधीच उठलो आणि त्याच्या घरी गेलो. त्याने आत बोलावले, चहा दिला, आणि बोलता बोलता चूक कुठे झाली तेही उमगले. तो कातकाम संपताच, जॉब (कातलेला तुकडा) गरम असताना, व्यास मोजायला मायक्रोमीटर लावत असे. पन्नास मिलीमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट तीस अंशांनी तापलेला असेल, तर तो सुमारे ०.०१७ मिलीमीटरने मोठा भरतो. गरम असताना अचूक वाटलेला शाफ्ट निवाला की टॉलरन्सच्या, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाच्या, खाली जातो. म्हणूनच लांबीच्या मापांसाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे तापमान प्रमाण मानले आहे.

तो लॉट मी त्यानंतरही पास केला नाही, हे नीट लक्षात घे. ज्या यंत्रात तो शाफ्ट बसणार होता, त्याच्याशी मी खोटे बोलू शकत नव्हतो. मी क्षमा मागितली ती दर्जाचा निकाल माणसावर ओतल्याबद्दल. कामाचा दर्जा आणि माणसाचे मोल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दर्जा ड्रॉइंगशी ताडून ठरतो आणि तो कठोरपणेच ठरवावा. मोल ठरवण्याचा अधिकार मात्र ज्याने घडवले आणि ज्याने किंमत मोजली त्याचा आहे, आणि येशूचा शिष्य पेत्र बायबलमधल्या आपल्या पहिल्या पत्रात सांगतो की आपली सुटका सोन्यारुप्याने झालेली नसून ख्रिस्ताच्या मोलवान रक्ताने झाली आहे. ती किंमत तू लेथला हात लावण्याच्या कितीतरी आधी चुकती झाली आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन चिमण्या एका दमडीला विकल्या जातात आणि लूकच्या शुभवर्तमानात पाच चिमण्या दोन दमड्यांना. हिशेब करून पाहा, पाचवी चिमणी वर फुकट घातलेली आहे. बाजाराने जिला काहीच किंमत लावली नाही, तिचाही देवाला विसर पडत नाही, असे येशू म्हणतो. आडनाव विचारून मग खोली देणारे घरमालक तुला भेटले, ते तू मागच्या पत्रात लिहिलेसच. चर्चच्या मंडळीतही सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा आणि मळक्या कपड्यातल्याला पायाशी जागा देण्याचा मोह असतो, आणि याकोब बायबलमधल्या आपल्या पत्रात त्याबद्दल आपल्याला खडसावतो. हे सारे बाजारभाव आहेत. करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिताना प्रेषित पौल, स्वतःला एकमेकांच्याच मापाने मापणाऱ्यांना नासमज म्हणतो. शेजारच्या मशीनवरच्या मुलाशी स्वतःला ताडून पाहणे म्हणजे एका जॉबने दुसरा जॉब तपासणे आहे, आणि तसे कोणी तपासनीस करत नाही.

"तू अमूल्य आहेस" एवढे सांगून थांबणारे उपदेश मला पटत नाहीत. पंडिता रमाबाईंनी तसे केले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभे केले. घराने आणि समाजाने ओझे मानलेल्या स्त्रियांना त्यांनी देवाचे प्रेम सांगितले, आणि त्याच हातांना विणकाम, शेती, छपाई शिकवली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या स्त्रियांच्या श्रमाने छापले गेले. छापखान्यात चुकलेला खिळा (छपाईचे धातूचे अक्षर) काढून पुन्हा बसवावाच लागतो, आणि ज्या मुलीला आपण टाकाऊ नाही हे कळलेले असते, तिला ती दुरुस्ती अपमान वाटत नाही. तुझ्याबाबतीत मला हेच हवे आहे.

तू पत्र त्याच संध्याकाळी, अपमानाने तापलेला असताना लिहिलेस. अशा वेळी स्वतःचे माप घेऊ नकोस. उद्या कामावर गेलास की ते अकरा शाफ्ट मागून घे. ते स्क्रॅपच्या पेटीत गेले असतील तर सुपरवायझरांना नम्रपणे विचार, नाही म्हणणार नाहीत. मायक्रोमीटर आधी शून्यावर तपास, मग प्रत्येक शाफ्ट थंड असताना दोन्ही टोकांना आणि मध्ये माप, आणि आकडे वहीत लिही. सगळे सारखेच कमी असतील तर तू गरम मापले असशील, आणि एका टोकाकडून दुसऱ्याकडे व्यास बदलत गेला असेल तर टेलस्टॉक (शाफ्टाचे मोकळे टोक धरणारा लेथचा भाग) सरकलेला असेल. झोपण्यापूर्वी बायबलमधले स्तोत्र १३९ मोठ्याने वाच.

रविवारी उपासनेनंतर घरी ये. जेवायला थांब, आणि ड्रॉइंगची प्रत आणि ती वही बरोबर आण.

तुझा,
काका