तूट म्हणजे तोटा नव्हे, पण भावंडं सख्खी

प्रश्न असा आलाय की बजेटच्या दिवसांत पेपरात 'वित्तीय तूट', 'महसुली तूट', मध्येच 'राजकोषीय तूट' असं काय काय येतं, मग सरळ 'सरकारला एवढा तोटा झाला' असं का नाही लिहीत? आणि तूट कमी झाली म्हणजे कर्ज कमी झालं असं धरायचं का?

मला यातला फरक पुस्तकातून नाही, आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या एजीएममध्ये कळला. खजिनदार काकांनी वाचून दाखवलं, "यंदा एक्केचाळीस हजारांची तूट आहे," तर मागच्या खुर्चीवरून कुणीतरी ओरडलं की तोटा केलातच कसा, आमचे पैसे गेले कुठे. काकांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "अहो, सोसायटी काय दुकान आहे का तोटा व्हायला? मेंटेनन्स जमला त्यापेक्षा लिफ्ट नि टँकर जास्त झाले." विषय संपला. म्हणजे भांडण नाही संपलं, शब्दाचा विषय संपला.

काकांचा मुद्दा बरोबर होता. तोटा होतो धंद्यात, जिथे नफा अपेक्षित असतो तिथे. जिथे नफा कमवायचाच नाहीये तिथे खर्चापेक्षा जमा कमी पडली की तूट, आणि जास्त झाली तर त्याला सोसायटीच्या अहवालात छान शब्द आहे, 'वाढावा'. सरकारच्या बाबतीत हा शब्द कुणी वापरत नाही, वापरायची वेळही येत नाही म्हणा. क्रियापदं बघा, लगेच कळेल: तोटा होतो, सोसावा लागतो, कंपनी तोट्यात जाते, तूट येते, पडते, भरून काढतात. 'सरकार तुटीत गेलं' असं कुणी म्हणत नाही. आपल्याकडची बसच घ्या, ठाण्याची टीएमटी किंवा नवी मुंबईची एनएमएमटी 'तोट्यात' असं छापून येतं कारण तिकीट विकलं की तो धंदा झाला, आणि तोच खड्डा पालिका भरते तेव्हा बजेटात त्याचं नाव होतं परिवहनला अनुदान.

पण विचारणाऱ्याचं अगदीच चुकलंय असंही नाही हं. तोटा, तूट, तुटवडा, तुटपुंजा (म्हणजे पुंजीच तुटलेली) हे सगळे तुटण्याच्या घरातलेच, आणि बोलताना तोट्याचा जुना अर्थ अजून शिल्लक आहे, 'त्यांना काय कमी आहे, पैशाला तोटा नाही'. इथे तोटा म्हणजे लॉस नाही, कमतरताच. फक्त हिशोबाच्या वहीत दोघांच्या वाटण्या झाल्या.

आता 'राजकोषीय' की 'वित्तीय'. इंग्रजीतल्या एकाच 'फिस्कल डेफिसिट'ची ही दोन नावं, मराठी पेपर दोन्ही लिहितात. वित्तीय कानाला बरं वाटतं पण आपण फायनान्शियलला पण वित्तीयच म्हणतो (वित्तीय संस्था वगैरे), त्यामुळे गोंधळ होतो. फिस्कल हा शब्द लॅटिन फिस्कसवरून आलाय, मूळ अर्थ टोपली, मग सम्राटाचा खजिना, त्यामुळे राजकोषीय जास्त नेमका, हिंदी वाटला तरी. मी तोच वापरतो. महसुली तर अरबीतून आलेला, आपल्या तलाठ्याच्या तोंडात पिढ्यान् पिढ्या मुरलेला, त्याबद्दल भांडण नाही.

२०२५-२६ च्या केंद्राच्या बजेटचे अंदाज घेऊन बघू. एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी, कर्ज सोडून बाकी सगळी जमा ३४.९६ लाख कोटी, मधले १५.६९ लाख कोटी ही राजकोषीय तूट, म्हणजे जीडीपीच्या (देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या) ४.४ टक्के. त्याच वर्षी नुसतं व्याज १२.७६ लाख कोटी. ते तुटीतून वजा केलं की उरते ती प्राथमिक तूट, जेमतेम ३ लाख कोटी. आणि पगार, पेन्शन, व्याज, सबसिडी असल्या नेहमीच्या खर्चाला नेहमीची कमाई जेवढी पुरत नाही ती महसुली तूट, ५.२४ लाख कोटी. ही मला जास्त खटकते, कारण रस्ता बांधायला कर्ज काढणं वेगळं आणि किराणा भरायला काढणं वेगळं.

त्या बजेटला बातमी होती की तूट ४.८ वरून ४.४ टक्क्यांवर येणार (कोविडच्या २०२०-२१ मध्ये ती ९.२ होती). लोकांनी वाचलं, कर्ज फिटतंय. नाही हो! तूट म्हणजे यंदा नव्याने किती उचललं, कर्ज म्हणजे आजवरचं सगळं. दर महिन्याला मेव्हण्याकडून दहा हजार उसने घेत होतात, आता आठ घेताय, तर मेव्हण्याची बाकी वाढतेच आहे, फक्त जरा हळू. शिवाय टक्का जीडीपीचा, जीडीपी वाढला की तीच रक्कम लहान दिसते.

पालिकेच्या बातम्या वाचणाऱ्यांची अजून वेगळी फसगत. तिथे बजेट दर वर्षी 'आरंभीच्या शिलकेसह' अमुक कोटींचं आणि वर 'शिलकी' असतं. शिलकी ऐकलं की वाटतं पैसा उतू चाललाय, पण त्यात गेल्या वर्षीचे न खर्चलेले पैसेही धरलेले असतात.

एक गंमत राहिली. जुन्या पुस्तकांत 'तुटीचा अर्थभरणा' वाचलं असेल, तिथली तूट आजची नव्हे. तेव्हा सरकारने बाजारातून काढलेलं कर्ज जमेतच धरायचे आणि तरी जे कमी पडेल ती तूट, तिच्यासाठी रिझर्व्ह बँकेला अॅड हॉक ट्रेझरी बिलं (सरकारच्या थोड्या मुदतीच्या हुंड्या) द्यायची, म्हणजे जवळपास नोटा छापणंच. एप्रिल १९९७ पासून ती बिलं बंद झाली आणि त्या अर्थाची तूटही बजेटातून गेली. शब्द तोच राहिला. आमचे खजिनदार काका बीकॉम झालेत त्याच्या कितीतरी आधी, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायचा तर मी पहिलं विचारून घेतो, काका, सत्त्याण्णवच्या आधीची तूट की नंतरची.