कारखान्यातलं ॲप बाहेरून उघडायचंय, व्हीपीएन काढायचाय

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, ऑर्डर-स्टॉकचं वेब ॲप आणि टॅली एकाच सर्व्हरवर. मुंबईचे मार्केटिंगवाले आणि सीए व्हीपीएनने, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या खासगी वाटेने, आत येतात. आता झिरो ट्रस्ट करायचंय, तर काय विकत घ्यावं?

विकत घ्यायचं नंतर बघू. 'स्टोअर' हा एकच लॉगिन चार-पाच जण वापरतात असं तुम्हीच लिहिलंय, तो आधी मोडा. व्हीपीएन म्हणजे गेटवर पास दाखवला की गोदाम, डाइंग, ऑफिस सगळं मोकळं. झिरो ट्रस्टमध्ये प्रत्येक ॲपच्या दारात माणूस कोण आणि मशीन कोणतं हे तपासतात. माणूसच ठरलेला नसेल तर तपासणार काय? अमेरिकेच्या निस्ट संस्थेच्या 2020 च्या दस्तऐवजातही झिरो ट्रस्ट हा तत्त्वांचा संच आहे, एखादी वस्तू नव्हे. तेव्हा प्रत्येकाला कंपनीचा वेगळा मेल आणि त्यावर दुहेरी पडताळणी द्या. शिफ्टवाल्यांना बाहेरून प्रवेश लागतच नाही, त्यांना यातून वगळा.

वेब ॲपसाठी क्लाउडफ्लेअर कंपनीचं टनेल आणि त्यापुढे लॉगिन तपासणारं त्यांचंच ॲक्सेस पुरेल. टनेलचा सर्व्हरवरचा छोटा प्रोग्राम आतून बाहेर जोडणी करतो, त्यामुळे स्टॅटिक आयपी (कायम तोच राहणारा इंटरनेट पत्ता) नको आणि राउटरवर पोर्टही, म्हणजे बाहेरून आत यायचं दारही, उघडावं लागत नाही. 50 जणांपर्यंत फुकट आहे. फक्त डेव्हलपरला एक सांगा : ॲक्सेस प्रत्येक विनंतीसोबत जे सही केलेलं टोकन (माणूस तपासल्याचा डिजिटल पास) पाठवतं, ते ॲपने तपासलंच पाहिजे. नाहीतर ऑफिसच्या वायफायवरचा कोणीही थेट सर्व्हरच्या आयपीवर जाईल.

टॅली वेगळं प्रकरण. ते ब्राउझरमध्ये चालणारं ॲप नाही. सीएंना टेलस्केलवरून (ठरावीक मशीन एकमेकांना खासगी जोडणारी सेवा) एकाच मशीनचा रिमोट डेस्कटॉप द्या, म्हणजे त्या मशीनचा स्क्रीन ते दुरून वापरतील. टेलस्केलची मूळ पॉलिसी सगळ्यांना सगळीकडे जाऊ देते, ती बदलून सीएंना त्या मशीनचा 3389 हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट एवढाच ठेवा. ऑडिट झालं की तोही बंद.

शेवटी राउटरवरचं जुनं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणाऱ्याला थेट आतल्या मशीनकडे पाठवणारी सेटिंग) आणि व्हीपीएन काढा. मग मोबाइल डेटावरून जुन्या आयपीवर जाऊन बघा, काहीच उघडता कामा नये. नेटवर्कवाला म्हणेल, "राहू द्या की साहेब, कधी अडलं तर कामाला येईल." त्याचं ऐकू नका.