टॅप शिकायचा तर आधी वजन खाली

प्रश्न: माझी मुलगी १४ वर्षांची आहे, कथ्थक शिकते. हॉलिवूडच्या नर्तकी-अभिनेत्री एलिनॉर पॉवेल यांचा ‘बिगिन द बिगीन’ या गाण्यावरचा नाच पाहिल्यापासून तिने टॅपचा, म्हणजे तळाला धातूच्या पट्ट्या लावलेल्या बुटांनी ठेका वाजवण्याच्या नाचाचा, ध्यास घेतलाय. इतका वेग पायांत येतो कसा? आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो, घरी सराव जमेल का? आणि या बाई पुढे चित्रपटांत का दिसल्या नाहीत?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: पॉवेल (१९१२–१९८२) मूळच्या बॅले आणि अ‍ॅक्रोबॅटिक्सच्या, त्यामुळे अंग सारखं वर उचललं जायचं. टॅप शिकवताना ब्रॉडवेचे नर्तक जॅक डोनाह्यू यांनी त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला वाळूच्या पिशव्या अडकवल्या. पाय जमिनीलगत राहिला की त्याला अंतर कमी कापावं लागतं. वेग येतो तो तिथून. ‘ब्रॉडवे मेलडी ऑफ १९४०’ या चित्रपटातला, नर्तक-अभिनेते फ्रेड अ‍ॅस्टेअर यांच्याबरोबरचा तोच नाच पुन्हा लावा आणि फक्त घोट्यांकडे बघा. मुलीला मात्र वाळू बांधू नका, गुडघे दुखावतील. गुडघे किंचित वाकवून भार चवड्यांवर घ्यायला सांगा.

कथ्थकमुळे तिची लय पक्की असेल. अडेल ते तळव्यापाशी. तत्कारात, म्हणजे कथ्थकच्या मूळ पदन्यासात, सबंध तळवा पडतो, टॅपमध्ये चवडा आणि टाच वेगवेगळी वाजते. ‘शफल’ म्हणजे चवडा पुढे घासून मागे ओढणं. दोन्ही आवाज सारखे यायला हवेत. मागचा दबतोय? मग घोटा आखडलाय आणि पाय गुडघ्यातून हलतोय. घोटा सैल होईपर्यंत लय वाढवू नका.

व्हिट्रिफाइड टाइल्सवर टॅपचे बूट अजिबात नकोत. धातू घसरतो, खालच्या काँक्रीटमुळे सगळा धक्का नडगीत जातो. १८ मिमी प्लायवुडची ४ × ४ फुटांची फळी घ्या, खाली जाड रबरी मॅट घाला. खालच्या मजल्यावर आवाज कमी होईल, बंद होणार नाही. तेव्हा वेळ शेजाऱ्यांना विचारूनच ठरवा. पावसाळ्यात फळी भिंतीला टेकवून ठेवली तर वाकते, आडवीच ठेवा. बुटांच्या तळाच्या धातूच्या पट्ट्यांचे स्क्रू दर आठवड्याला तपासा: सैल झाले की ठोका खुळखुळतो, वर आले की फळी ओरबाडते.

१९४३ मध्ये अभिनेते ग्लेन फोर्ड यांच्याशी लग्न झालं आणि पॉवेल यांचं चित्रपटांतलं काम जवळजवळ थांबलं. १९५० च्या ‘डचेस ऑफ आयडाहो’त त्या पाहुण्या म्हणून दिसतात. १९५९ मध्ये घटस्फोट झाला. त्यानंतर १९६१ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या नाइटक्लबच्या रंगमंचावर पुन्हा नाचल्या. मुलीला १९४१ चा ‘लेडी बी गुड’ही दाखवा. त्यात त्यांच्याबरोबर नाचणाऱ्या कुत्र्याला त्यांनी स्वतः शिकवलं होतं.