टाळीच्या कामावर जाण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा भाजी घेताना तुझी आई भेटली तेव्हा कळले की, घोडबंदर रस्त्यावरच्या एका स्टुडिओत होणाऱ्या गेम शोच्या रेकॉर्डिंगला प्रेक्षक म्हणून बसायला तू होकार दिला आहेस, आणि त्याचे पैसे मिळणार म्हणून तुला मनातून अवघडल्यासारखे झाले आहे. पैसे घेऊन टाळ्या वाजवणे म्हणजे खोटे वागणे नव्हे का, असे तू तिला विचारलेस. मी हे काम नऊ वर्षे केले आणि त्यातली शेवटची काही वर्षे माणसे जमवणाऱ्या कोऑर्डिनेटरच्या हाताखालीही होते, त्यामुळे तुझ्या प्रश्नाचे उत्तर नीट कागदावर लिहून द्यावे असे मला वाटले.

आधी यातला खोटा भाग सांगते. खेळ सुरू होण्यापूर्वीच फ्लोअर मॅनेजर समोर उभा राहून सगळ्यांकडून टाळ्या, हसू, चिंता, आश्चर्य असे एकेक भाव करून घेतो, कॅमेरे ते टिपून ठेवतात आणि संकलनाच्या वेळी जिथे गरज पडेल तिथे ते तुकडे जोडले जातात. माझा पहिला भाग मी घरी टीव्हीवर पाहिला, तेव्हा एका अवघड प्रश्नावर मी काळजीने पुढे झुकलेली दिसत होते. तो चेहरा प्रत्यक्षात तो प्रश्न विचारला जाण्याच्या दोन तास आधीचा होता. मला त्या रात्री फार वाईट वाटले. टाळ्यांचा व्यवहार तसा जुनाच आहे, पॅरिसच्या नाट्यगृहांना टाळ्या वाजवणारी, हसणारी आणि वेळेवर डोळे पुसणारी भाडोत्री माणसे पुरवण्याचा धंदा १८२० च्या सुमारास रीतसर चालत असे. आपल्याकडे संगीत नाटकाला मिळणारा ‘वन्स मोअर’ मात्र तिकीट काढून आलेल्या माणसाचा असायचा, आणि आजही गडकरी रंगायतनमध्ये मी स्वतःच्या पैशाने बसते तेव्हा माझ्या हातांतून येणारी टाळी वेगळी आहे हे मला कळते. तेव्हा तुझी शंका खोटी नाही.

पण त्या फ्लोअरवर एक माणूस खराखुरा खेळत असतो, हे तू बसल्या क्षणापासून लक्षात ठेव. एकदा दिवसातला तिसरा भाग चालू होता, रात्रीचे अकरा वाजून गेले होते, आणि खुर्चीत मराठवाड्यातून आलेला एक शेतकरी बसला होता. तो अडला तेव्हा त्याने पाण्याचा घोट घेतला आणि आमच्याकडे पाहिले. आमच्या रांगेत दोन जण पेंगत होते, एक बाई जांभई देत होती, आणि मी स्वतः घरी कसे पोहोचायचे याचा हिशेब करत होते. त्याची नजर आमच्यावरून फिरली आणि खाली गेली, आणि त्याने खेळ तिथेच सोडला. ते उत्तर त्याला येत होते की नाही हे मी सांगू शकत नाही. मात्र घरापासून इतक्या लांब, इतक्या दिव्यांखाली, त्या घटकेला त्याला पाहण्यासारखे माणसांचे म्हणून आमचेच चेहरे होते. त्या दिवसाचे पैसे मी घेतले आणि ते मला आजही पुरते कमावलेले वाटत नाहीत. आधी टिपून घेतलेली टाळी निर्मात्याची असते, ती तू सांगितल्याप्रमाणे निमूट दे. खेळ चालू असतानाचे लक्ष मात्र खुर्चीतल्या माणसाच्या हक्काचे आहे, आणि तुला मिळणाऱ्या पैशात मी त्याचाच मोबदला धरते.

प्रेक्षक नसले तर खेळाचे काय होते, ते २०२० साली सगळ्यांनी पाहिले. ३ जुलै २००० रोजी सुरू झालेल्या ‘कौन बनेगा करोडपती’च्या त्या वर्षीच्या पर्वात कोरोनामुळे स्टुडिओत प्रेक्षक बसवले नव्हते, आणि प्रेक्षकांचा कौल घेण्याची लाइफलाइन काढून तिच्या जागी मित्राला व्हिडिओवर विचारण्याची सोय ठेवावी लागली होती.

या कौलाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तुझ्या कार्यक्रमात तो असेल तर तुझ्या हाती खरी जबाबदारी येणार आहे. ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर?’ या ज्या ब्रिटिश कार्यक्रमावरून ‘कौन बनेगा करोडपती’ निघाला, त्याच्या अमेरिकी आवृत्तीत फोनवरच्या जाणकार मित्राचे उत्तर सुमारे ६५ टक्के वेळा बरोबर निघाले, तर स्टुडिओत बसलेल्या सामान्य प्रेक्षकांचे सुमारे ९१ टक्के वेळा. याचे कारण साधे आहे. ज्यांना उत्तर येत नाही त्यांची मते चारही पर्यायांत विखुरतात आणि ज्यांना येते त्यांची एकाच पर्यायावर पडतात, त्यामुळे थोडे जाणकारही एकूण पारडे झुकवू शकतात. पण शेजाऱ्याच्या बोटाकडे पाहून बटण दाबणारे वाढले की ही विखुरण बिघडते आणि एखादे चुकीचे उत्तर भक्कम दिसू लागते. म्हणून शेजाऱ्याकडे पाहू नकोस, आणि कंटाळा आला म्हणून हाताला लागेल ते बटण तर मुळीच दाबू नकोस. समोरचा माणूस तुझ्या बटणावर कदाचित वर्षभराची कमाई लावत असतो.

उत्तर येत असले तरी ओठ हलवायचे नाहीत. हॉटसीटवरच्या माणसाची दया येऊन पुटपुटणारे मी पाहिले आहेत, आणि तुझा स्वभाव मला ठाऊक असल्यामुळे तुला हे मुद्दाम सांगते. सप्टेंबर २००१ मध्ये त्याच ब्रिटिश कार्यक्रमात चार्ल्स इन्ग्रॅम नावाचे लष्करी मेजर दहा लाख पौंड जिंकले, पण ध्वनिमुद्रण तपासल्यावर १९२ खोकले मोजले गेले आणि त्यातले १९ नेमके बरोबर उत्तराच्या आसपास आलेले आढळले. खोकणारा माणूस आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला दुसरा स्पर्धक होता. २००३ मध्ये दोघांना आणि मेजरच्या पत्नीला न्यायालयाने दोषी ठरवले. माईक काय काय पकडतात ते यावरून ओळख. खरा खोकला असेल तर खडीसाखर जवळ ठेव, आणि आवरत नसेल तर ब्रेकमध्ये स्पॉटदादांना सांगून बाहेर जा.

आता व्यवहाराचे. पैसे किती, किती तासांचे, त्याच रात्री रोख की नंतर खात्यावर, जेवण त्यात धरले आहे की नाही, हे गाडीत बसण्याआधी मोबाइलवर लेखी मागून घे. एका कोऑर्डिनेटरने माझे सलग चार दिवसांचे पैसे ‘पुढच्या वेळी एकदम देतो’ म्हणून थकवले आणि मग फोन उचलणे बंद केले; माझ्याजवळ लेखी काही नसल्यामुळे मला कुणाकडे जाताही आले नाही. पुढे टीव्हीवर काम मिळवून देतो असे सांगून नोंदणीचे पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नकोस, कारण प्रेक्षकांत बसण्यातून अभिनयाची वाट निघालेली मी नऊ वर्षांत एकदाही पाहिली नाही. सही करायला जो कागद देतात तो वाच. निकाल प्रसारणाआधी बाहेर सांगायचा नाही असे त्यात बहुधा असते, आणि ते घरातल्या माणसांच्या बाबतीतही पाळायचे.

धाकट्यालाही घेऊन ये असे कुणी म्हटले तर नाही म्हण. बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, शिवाय निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. प्रेक्षकांत बसवलेल्या मुलालाही मी तोच हिशेब लावते, आणि तिथले दिवस पाच तासांत संपत नाहीत.

पॅकअप किती वाजता होईल ते कुणीच खात्रीने सांगत नाही. रात्री एक वाजता घोडबंदर रस्त्यावर बसची वाट पाहत उभे राहणे मी पुष्कळ केले आहे. कळव्याकडे येणारे आणखी दोघे-तिघे आधीच हेरून ठेव, म्हणजे माजिवड्यापर्यंत आणि पुढे घरापर्यंत रिक्षा वाटून घेता येईल. एसी इतका थंड असतो की तिसऱ्या तासाला बोटे आखडतात, तेव्हा आतून बनियन जाड घाल. कपडे दोन जोड ने, कारण एका दिवसात दोन-तीन भाग होतात आणि प्रत्येक भागात तुला वेगळ्या जागी, वेगळ्या कपड्यांत बसवतील. पांढरा रंग, बारीक चौकडी आणि छातीवर नाव छापलेला टी-शर्ट टाळ. बारीक चौकडी कॅमेऱ्यात लहरते आणि मग तुला मागच्या अंधाऱ्या रांगेत टाकतात, जिथून स्पर्धकाचा चेहरा दिसत नाही.

तुझ्याकडे गडद रंगाचा साधा सदरा नसेल तर यांचा एक निळा आहे, तुला बाह्या थोड्या आखूड होतील पण बसून असताना ते कळत नाही. रविवारी दुपारनंतर येऊन घेऊन जा, तोवर मी इस्त्री करून ठेवते.

तुझी,
मावशी