नर्सिंगला जायचंय? आधी नोंदणीचं बघा

बारावीचा निकाल लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत नर्सिंगची पत्रं वाढतात. जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेल्यांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत. नावं छापलेली नाहीत.

मनी आंडेर (मुलगी) बारावी आर्ट्स पास व्हयनी, ५२ टक्का. तिले नर्सिंग करनं से. सायन्स नई म्हनीसन कॉलेजवाला नई म्हनतस. काय करानं?
— एक आई, अमळनेर तालुका

कॉलेजवाले बीएस्सी नर्सिंगबद्दल बोलत असतील तर त्यांचं बरोबर आहे. बीएस्सीला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात, किमान ४५ टक्के लागतात आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. जीएनएमला, म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरीच्या पदविकेला, सायन्सची अट नाही. तिथे बारावीची कोणतीही शाखा चालते, फक्त इंग्रजी विषय हवा आणि एकूण ४० टक्के हवेत. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, इंटर्नशिप त्यातच. वय प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) हा दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी, त्यालाही शाखेची अट नाही.

५२ टक्के हातात असताना एएनएमकडे वळू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. एएनएम केलेली मुलगी मुख्यतः उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका होते: लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, गृहभेटी. काम मोलाचं आहे, पण रुग्णालयातल्या स्टाफ नर्सच्या जागेला किमान जीएनएम लागतं. पुढे जीएनएम करायचं ठरवलं तर पुन्हा तीन वर्षं जातात. उलट जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. म्हणजे आर्ट्सची मुलगीसुद्धा पाच वर्षांत पदवीधर नर्स होऊ शकते.

प्रवेशाआधी कॉलेजची खात्री करा. भारतीय नर्सिंग परिषदेच्या संकेतस्थळावर वर्षवार यादी असते; त्यात *यंदाच्या* वर्षाला त्या संस्थेचं नाव आणि जागांची संख्या बघा. गेल्या वर्षीची मान्यता दाखवून यंदाचे पैसे घेतले जातात. मग विचारा, संस्थेचं स्वतःचं रुग्णालय कोणतं आणि किती खाटांचं. जीएनएमसाठी साधारण १०० खाटांचं रुग्णालय अपेक्षित असतं. शक्य असेल तर सकाळी अकराच्या सुमारास तिथे जाऊन या. वॉर्डात रुग्णच नसतील तर मुली शिकणार कशावर?

राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करून ठेवायला हवा होता. केला नसेल तर आज करा. शिष्यवृत्ती हवी असेल तर व्यवस्थापन कोट्यातली जागा घेऊ नका. आणि मूळ कागदपत्रं जमा कराल त्या दिवशी सही-शिक्क्याची पोच घ्या.

एक अडचण आधीच सांगतो. पहिल्या वर्षाचं शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र इंग्रजीतून असतं आणि मराठी माध्यमाच्या मुली तिथेच अडखळतात. निकाल ते प्रवेश या मधल्या दिवसांत अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकातले मानवी शरीराचे धडे वाचून काढले तर पुष्कळ सोपं जातं.

तालुक्याच्या गावी सहा महिन्यांचा 'नर्सिंग डिप्लोमा' केला. आता एका खासगी दवाखान्यात सलाईन लावते, इंजेक्शन देते. सगळे सिस्टर म्हणतात. सरकारी भरतीचा फॉर्म मात्र भरता येत नाही, असं का?
— शहादा

कारण तुमच्याकडे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक नाही आणि त्या प्रमाणपत्रावर तो मिळणारही नाही. नोंदणी मिळते ती एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केल्यावर. लोक काय म्हणतात याला कायद्यात अर्थ नाही.

भरतीपेक्षा गंभीर गोष्ट दुसरी आहे. पोटॅशियम क्लोराइडचं १० मिलीचं अँप्यूल दिसायला डिस्टिल्ड वॉटरसारखं असतं. पातळ न करता शिरेतून दिलं तर हृदय थांबतं. अशी चूक झाली की डॉक्टर 'मी सांगितलं नव्हतं' म्हणू शकतात, आणि तुमच्या बाजूने कागद काहीच नसतो. इंजेक्शन आणि शिरेतून द्यायची औषधं ही कामं थांबवा. तापमान, नाडी, रुग्णाची स्वच्छता, नोंदी ही कामं करा आणि बारावी झाली असेल तर जीएनएमचा फॉर्म भरा. वयाची मर्यादा ३५ आहे.

आशा कार्यकर्ती आहे, वय ३३, बारावी पास. एएनएम होता येईल का?
— चोपडा तालुका

येईल, पण वरची ३५ ची अट तुम्हालाही आहे. हे वर्ष सोडू नका. अभ्यासक्रम पूर्ण वेळ असतो, वॉर्डातल्या पाळ्याही असतात, त्यामुळे आशाचं काम सोबत चालणार नाही. दोन वर्षं घर कसं चालेल याचा हिशेब आधी मांडा.

मुलगा जीएनएम झाला, खासगी आयसीयूत लागला. पुढे काय?
— भुसावळ

सर्वांत आधी नोंदणीचं नूतनीकरण. ते दर पाच वर्षांनी असतं आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे गुण लागतात. शेवटच्या महिन्यात कार्यशाळा शोधत फिरण्यापेक्षा दरवर्षी थोडे गुण जमवावेत.

एम्सच्या नर्सिंग ऑफिसर परीक्षेला, म्हणजे नॉरसेटला, जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. तो नोंदणी झाल्यानंतरचाच धरला जातो. म्हणून अनुभवाच्या दाखल्यावर खाटांची संख्या, रुजू तारीख आणि पद लिहून घ्या. 'चांगलं काम केलं' एवढाच दाखला फाइलीत पडून राहतो. एम्समध्ये जागांची विभागणी ८० टक्के महिला आणि २० टक्के पुरुष अशी आहे, त्यामुळे मुलांना स्पर्धा जास्त कठीण. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात, अंदाजाने गोळे भरू नयेत. रेल्वेच्या नर्सिंग अधीक्षक पदाला जीएनएम चालतं, भुसावळकरांना हे वेगळं सांगायला नको. शिकवण्याकडे कल असेल तर पोस्ट बेसिक करून पुढे एमएस्सी.

दहावी झाले आहे. घरी जाऊन आजारी माणसांची सेवा करायचं काम मिळतंय. कोर्स करू का?
— धुळे

करा, पण 'जनरल ड्युटी असिस्टंट' या नावाचा, आणि त्याला हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलची मान्यता आहे ना ते बघून. हा नर्सिंगचा कोर्स नव्हे, रुग्णसहायकाचा आहे. चांगला सहायक मिळणं मात्र चांगल्या नर्सइतकंच अवघड झालंय.

या कामाचं कसब बारीक गोष्टींत असतं. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलायची, आणि बदलताना ओढायचं नाही, उचलायचं. ओढल्याने कातडी आतून फाटते आणि तिथूनच जखम सुरू होते. माकडहाड, टाचा, कंबरेची बाजू रोज उजेडात बघायची. लाल डाग दिसला तर चोळायचं नाही, त्या भागावरचा भार काढायचा. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली हवी, पण जमिनीवर टेकलेली नको. नेताना वर उचलली की लघवी उलटी जाते आणि संसर्ग होतो. भरवताना पाठ उभी आणि भरवल्यावर अर्धा तास तशीच. आडवं ठेवून पाजलेलं पेजेचं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. रक्तदाबाचा पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा खोटा जास्त येतो.

घरी सहायक पुरवणाऱ्या ब्यूरोमार्फत जाणार असाल तर १२ तास की २४ तास, जेवण कोणाचं, सुट्टी कधी, घरातली इतर कामं त्यात धरली आहेत का, हे कागदावर घ्या. इन्सुलिन टोचायला सांगितलं तर नाही म्हणा. घरच्या माणसाला डॉक्टरांकडून शिकून घ्यायला सांगा.

वॉर्डात कचरा आवरताना वापरलेली सुई टोचली. वरिष्ठ म्हणाले, काही होत नाही.
— शिरपूर

तसं कोणी म्हणालं तरी ऐकू नका. जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. दाबून रक्त काढू नका, जखम तोंडात धरू नका. लगेच नोंद करून सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागतात, ७२ तासांनंतर उपयोग राहत नाही, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. रुग्णाची आणि तुमचीही तपासणी होते. कावीळ 'बी'ची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी अशी तीन वेळा झाली आहे का, ते सांगा. झाली नसेल तर त्याच दिवशी सुरू करा.

सुई टोचली, म्हणजे ती चुकीच्या पिशवीत होती. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. नळ्या, सलाईनच्या प्लॅस्टिक बाटल्या, हातमोजे लाल पिशवीत. रक्ताने माखलेला कापूस पिवळीत. काच निळ्या खोक्यात. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, पुष्कळदा सुई टोचते ती तेव्हाच.